दोन मुदी भात आणि मुरडलेली नाकं

‘‘हवाईला समुद्र छान आहे हो, पण खायला काही म्हणजे काही नाही!’’

हे वाक्य गेल्या काही वर्षांत मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की आता समोरच्याने ‘हवाई’ म्हटलं की पुढचं मीच म्हणून टाकते. म्हणणारे सगळे आपलेच. कोणी भाचा, कोणी विहीणबाई, कोणी आमच्या ज्येष्ठ नागरिक संघातले काका. मुलं कॅलिफोर्नियात असतात, तिथून पाच-साडेपाच तासांत विमान होनोलुलूला पोचतं, त्यामुळे हल्ली जाणं होतं. परत आले की दोनशे फोटो दाखवतात आणि जेवणाचा विषय निघाला की हे वाक्य.

मी विचारते, ‘‘मग खाल्लंत काय?’’ उत्तर ठरलेलं. सकाळी हॉटेलातला ब्रेकफास्ट बुफे, एक दिवस नाचगाण्याचा ‘लुआउ’, दोनदा पिझ्झा, आणि बाकीचे दिवस बॅगेतले ठेपले, मेतकूट आणि पुरणपोळीचं पाकीट. म्हणजे चाखलं नाहीच, आणि निकाल मात्र लावून टाकला! पेपर न तपासता मार्क देणाऱ्या मास्तरांना आम्ही स्टाफरूममध्ये काय म्हणायचो, ते इथे लिहीत नाही.

तर आज जरा स्पष्टच लिहिणार आहे. ज्यांना लागेल त्यांना लागो. माझं म्हणणं असं आहे: हवाईला जाऊन तिथल्या रस्त्याकडेच्या खिडकीतून मिळणारं साधं जेवण ज्याने खाल्लं नाही, त्याने फक्त किनारे पाहिले. आणि ‘हलकं खाणं’ म्हणून ज्याने ते टाळलं, त्याने ते खाऊन जगलेल्या माणसांनाच हलकं ठरवलं.

आधी ते जेवण काय आहे ते सांगते. त्याचं नाव ‘प्लेट लंच’. पुठ्ठ्याच्या डब्यात दोन मुदी भात. अगदी मुदीच, आइस्क्रीमच्या गोल चमच्याने पाडलेल्या. भात आखूड, चिकट दाण्याचा. शेजारी एक मूद मॅकरोनी सॅलड, म्हणजे पार मऊ शिजवलेली मॅकरोनी, मेयोनेझ आणि किसलेलं गाजर. आणि मग मुख्य पदार्थ : जपानी पद्धतीचं तेरियाकी किंवा ब्रेडचा चुरा लावून तळलेलं चिकन कात्सु, कोरियन काल्बी, फिलिपिनो अदोबो, हवाईचं मुरवून शिजवलेलं कालुआ डुक्कर, नाहीतर तळलेला मासा. दोन-तीन प्रकार एकत्र घेतले की ‘मिक्स्ड प्लेट’. २०१८ साली मी लेक-जावयाबरोबर दहा दिवस गेले होते तेव्हा होनोलुलूत कपाहुलू रस्त्यावरच्या ‘रेनबो ड्राइव्ह-इन’मध्ये हा डबा पहिल्यांदा खाल्ला. ही जागा १९६१ पासून चालू आहे. मी गोमांस खात नाही, म्हणून माही-माही नावाचा मासा घेतला. माझं माहेर मालवणकडचं, तेव्हा मासा बरा की वाईट हे मला कोणी शिकवायला नको. उत्तम होता. खिडकीतली मुलगी मला ‘आंटी’ म्हणाली. तिथे कुठल्याही वडीलधाऱ्या बाईला आंटी आणि पुरुषाला अंकल म्हणायची रीतच आहे. घरच्यासारखं वाटायला आणखी काय लागतं?

आता हा डबा आला कुठून? आमचे काका म्हणाले, ‘‘अहो, आपल्या उडप्याकडच्या राइस प्लेटसारखं काहीतरी असेल.’’ नाही काका. हा डबा उसाच्या फडातून आलाय.

१८३५ साली कौआई बेटावर कोलोआला ऊस मोठ्या प्रमाणावर सुरू झाला. पुढे मळे वाढले तशी माणसं कमी पडायला लागली, कारण गोऱ्यांबरोबर आलेल्या रोगांनी मूळ हवाईयन माणसं हजारोंनी मेली होती. मग मालकांनी बाहेरून माणसं आणली. १८५२ मध्ये चिनी आले. १८६८ मध्ये दीडशेच्या आसपास जपानी, आणि १८८५ पासून जपानी जहाजंच्या जहाजं. १८७८ मध्ये मदिरा बेटावरचे पोर्तुगीज, १९०३ मध्ये कोरियन, १९०६ मध्ये फिलिपिनो. करारावर आणायचे आणि करार मोडून पळाला तर १८५० च्या कायद्याने तुरुंग. तो कायदा १९०० साली, बेटं अमेरिकेच्या अमलाखाली गेल्यावर सुटला. मजुराच्या गळ्यात नंबराचा धातूचा बिल्ला असायचा, त्याला ‘बांगो’ म्हणत. हजेरीला नाव नाही, नंबर.

मालक हुशार. प्रत्येक देशाच्या लोकांची वस्ती वेगळी ठेवायची आणि त्याच कामाला पगारही वेगळा द्यायचा. १९०९ साली जपानी मजुरांनी संप केला तो याचसाठी. त्यांना महिन्याला १८ डॉलर आणि त्याच कामाला पोर्तुगीजांना साडेबावीस! एकमेकांची भाषा येऊ नये, एकमेकांचा हेवा वाटावा, म्हणजे सगळे एकत्र येणार नाहीत हा हिशेब.

पण दुपारी जेवायला तर बसावंच लागतं ना! मजुरांकडे दोन मजली पत्र्याचा डबा असायचा. खाली भात, वरच्या खणात कालवण, लोणचं, सुकी मासळी, जे असेल ते. त्याला ‘काउकाउ टिन’ म्हणत. काउकाउ म्हणजे तिथल्या मिश्र बोलीत खाणं. जुने लोक सांगतात की फडात हे डबे शेजारी शेजारी उघडले जायचे आणि याचं त्याला, त्याचं याला असं चालायचं. बोलीही अशीच एकमेकांत मिसळून तयार झाली. पुढे खाण्याच्या गाड्या आल्या, मग खिडक्या आल्या, पत्र्याच्या डब्याचा पुठ्ठ्याचा डबा झाला. आत भात तोच.

आणि मालकांचा तो हिशेब? १९४६ साली सप्टेंबरात सुमारे २६ हजार ऊस कामगारांनी संप केला. जपानी, फिलिपिनो, पोर्तुगीज, सगळे एका युनियनमध्ये. ७९ दिवस टिकला आणि ते जिंकले. टिकला कसा? सामुदायिक स्वयंपाकघरं चालवून, मासे धरून, भाजी लावून. डब्याने संप जिंकला असं मी म्हणत नाही. पण ज्यांनी एकत्र बसू नये म्हणून एवढा खटाटोप केला गेला, त्यांचे सगळ्यांचे पदार्थ आज एका डब्यात शेजारी शेजारी बसलेत, हे इतिहास शिकवणाऱ्या बाईने दुर्लक्ष करावं असं नाही. माउईवरचा पुउनेनेचा शेवटचा साखर कारखाना २०१६ च्या डिसेंबरात बंद झाला. ऊस गेला, डबा राहिला.

मला हे इतकं का लागतं, तेही सांगते. माझी बत्तीस वर्षं सांगली जिल्ह्यात शिकवण्यात गेली. शाळेजवळच साखर कारखाना होता. दिवाळी झाली की मराठवाड्यातून ऊसतोड टोळ्या यायच्या, कोप्या पडायच्या, आणि चार-पाच महिने त्यांची काही पोरं आमच्या वर्गात बसायची. मधल्या सुट्टीत गावातली मुलं पोळी-भाजीचे डबे उघडायची आणि ही पोरं फडक्यातली बाजरीची भाकरी आणि ठेचा घेऊन भिंतीकडे तोंड करून खायची. एक मुलगी तर भाकरी ओढणीखाली धरून मोडायची, कोणाला दिसू नये म्हणून. आमच्यातल्याच एका शिक्षकाने तिला ‘काय वास मारतोय’ म्हणून वर्गाबाहेर बसून खायला सांगितलं होतं. त्या पोरीला स्वतःच्या आईच्या हातच्या भाकरीची लाज वाटायला लावली एका शिकलेल्या माणसाने! आणि आज? तोच ठेचा आणि तीच भाकरी हायवेवरच्या हॉटेलात ‘अस्सल गावरान थाळी’ म्हणून चारपट भावाने विकतात आणि तेच शिकलेले लोक रांग लावतात. पदार्थ बदलला नाही, खाणारा बदलला. म्हणून, मजुराच्या डब्याला कोणी नाक मुरडलं की मला राग येतो. तो डबा बीडचा असो नाहीतर हिलोचा.

आता आक्षेप एकेक घेऊ.

पहिला : ‘‘अहो, ते लोक डब्यातलं मांस खातात, स्पॅम!’’ हो, खातात. अमेरिकेत सगळ्यात जास्त तेच खातात. स्पॅम १९३७ साली बाजारात आलं. १९४१ च्या ७ डिसेंबरला पर्ल हार्बरवर बाँब पडले, बेटांवर लष्करी कायदा लागू झाला, आणि जपानी वंशाच्या कोळ्यांच्या होड्या जप्त झाल्या. मासेमारीत मुख्य तेच होते. चारी बाजूंनी समुद्र आणि ताटात मासा नाही! सैन्याबरोबर आलेला, फ्रिज न लागणारा हा डबा मग घराघरांत शिरला. तिथल्या बायकांनी त्याचे काप सोया-साखरेत परतले, भाताच्या वडीवर ठेवले आणि समुद्री शेवाळाच्या पट्टीने बांधले. तो ‘स्पॅम मुसुबी’. आज तिथे पेट्रोल पंपावरच्या दुकानातसुद्धा गरम मिळतो, आणि शाळकरी पोरं आपण वडापाव खावा तसा चालता चालता खातात. टंचाईतून आलेल्या वस्तूला चव आणणं याला आमच्याकडे सुगरणपणा म्हणतात. तिकडच्या बाईने केलं की त्याला ‘जंक’ का म्हणायचं?

हिलोच्या ‘लोको मोको’चंही तसंच. भात, त्यावर खिम्याची टिक्की, वर अर्धं कच्चं अंडं आणि तपकिरी रस्सा. १९४९ च्या सुमारास खिशात पैसे नसलेल्या, भुकेल्या पोरांसाठी एका साध्या खानावळीत तो झाला असं सांगतात. स्वस्त, गरम, पोटभर. यात कमीपणा कुठला?

तब्येतीचा मुद्दा मात्र खरा आहे, तो मी टाळणार नाही. रोज हे खाणं बरं नाही, आणि मूळ हवाईयन लोकांत मधुमेह आणि हृदयरोग फार आहे. पण हे सांगायचा अधिकार कोणाचा? तिथल्याच डॉक्टरांनी वायआने भागात २० हवाईयन माणसांना तीन आठवडे त्यांचं जुनं अन्न पोटभर दिलं : अळकुड्या, रताळी, पालेभाजी, मासे. वजन उतरलं, साखर आणि कोलेस्टेरॉल खाली आलं. १९९१ साली तो अभ्यास छापून आला. त्यांची ती काळजी आहे, ती आपलेपणाची आहे. बुफेवर तीन प्रकारचे केक घेणाऱ्या पाहुण्याने एका मुसुबीवर आरोग्याचं व्याख्यान देऊ नये.

दुसरा आक्षेप जरा वाचन असलेल्यांचा : ‘‘पण हे अस्सल हवाईयन नाहीच!’’ बरोबर, आणि तिथे कोणी तसं म्हणतही नाही. ते या जेवणाला ‘लोकल फूड’ म्हणतात. ‘हवाईयन’ हा शब्द मूळ रहिवाशांसाठी आणि त्यांच्या अन्नासाठी राखलेला आहे. हा फरक त्यांनी जपलाय, आपण तो समजून घेतला पाहिजे. पण मिश्र म्हणजे खोटं, हे कुठलं तर्कशास्त्र? आपल्या एकादशीला काय चालतं बघा : साबुदाणा, बटाटा, मिरची, शेंगदाणा. चारही अमेरिका खंडातून आलेले! ते आपल्या उपासाला चालतात आणि हवाईच्या डब्यातला जपानी भात मात्र ‘अस्सल’ नाही? ज्या पोर्तुगीजांनी आपल्याला पाव दिला, त्यांच्याच भाऊबंदांनी हवाईला ‘मालासादा’ दिला. साखरेत घोळवलेला, तळलेला, आत मऊ लुसलुशीत गोळा. ख्रिस्ती उपास सुरू होण्याआधी घरातली चरबी आणि साखर संपवायची म्हणून करायचा. कपाहुलूवरच ‘लेनर्ड्स’ ही बेकरी १९५२ पासून आहे. गरम खावा, पाकिटात घालून हॉटेलवर नेऊ नये.

आणि खरं हवाईयन अन्न हवं असेल तर जा ना, तेही साध्याच जागी मिळतं. होनोलुलूत ‘हेलेनाज’ १९४६ पासून आहे. तिथे ‘लाउलाउ’ मागा : अळूच्या पानांत गुंडाळून तासन् तास वाफवलेलं मांस किंवा मासा. हो, आपलं अळूच! ते त्याला ‘कालो’ म्हणतात. ‘लुआउ’ या शब्दाचा मूळ अर्थच अळूचं पान असा आहे, त्या नाचगाण्याला तिकीट काढून जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असतं? कालोचा कंद उकडून, कुटून, पाणी घालून सरबरीत केला की ‘पोई’. बोटांनी खायची. दोन दिवसांनी आंबूस होते, आपल्या आंबोळीच्या पिठासारखी. प्रवासी तिला ‘भिंतीला कागद चिकटवायची खळ’ म्हणून हसतात. त्यांना एवढंच सांगते की हवाईयन लोकांच्या कथेत कालो हा माणसाचा थोरला भाऊ आहे. देवाचं पहिलं मूल मृत जन्मलं, ते पुरलं तिथून कालो उगवला, आणि नंतर जन्मला तो माणूस. पोईचं भांडं उघडं असेपर्यंत घरात भांडायचं नाही असाही रिवाज आहे. आपण ज्याला हसतो ते कोणाचं तरी पूर्णब्रह्म असतं.

इथे एक कडू गोष्टही सांगायला हवी. ज्या उसाने प्लेट लंच जन्माला घातलं, त्याच उसाने कालोचं पाणी तोडलं. पूर्व माउईच्या ओढ्यांचं पाणी १८७० च्या दशकापासून कालवे काढून मळ्यांना नेलं. खालची अळूची खाचरं सुकली. तिथल्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं झगडून २०१८ साली राज्याच्या जल आयोगाकडून काही ओढ्यांचं पाणी पूर्ण परत सोडायचा आदेश मिळवला. १८९३ साली राणी लिलिउओकलानीचं राज्य उलथवलं, त्यामागेही साखरेचे हितसंबंध होते. म्हणून दोन्ही खावं : मजुराचा डबाही आणि मूळ माणसाची पोईही. एकच खाल्लं तर अर्धाच धडा वाचला.

तिसरं, ‘‘आम्ही हवाईयन खाल्लं की, पुण्यातच!’’ म्हणणारे. अहो, ती अननसवाली पिझ्झा १९६२ साली कॅनडातल्या चॅटम गावात एका ग्रीक माणसाने केली. त्याच्या अननसाच्या डब्यावर ‘हवाईयन’ लिहिलं होतं म्हणून ते नाव. पोकेचंही आता तसंच होतंय. पोके म्हणजे ताज्या कच्च्या माशाचे तुकडे, मीठ, शेवाळ आणि भाजलेल्या कुकुई बियांची भुकटी. मुख्य भूमीवर त्यावर मका, आंबा, वाटेल ते टाकून विकतात. विकोत बापडे. पण २०१८ साली शिकागोतल्या एका पोकेच्या साखळीने ‘अलोहा’ आणि ‘पोके’ हे शब्द एकत्र वापरू नका म्हणून इतर दुकानांना वकिलाची पत्रं पाठवली, आणि त्यांत हवाईयन लोकांचीही दुकानं होती! त्यांचाच शब्द, त्यांचाच पदार्थ, आणि त्यांनाच नोटीस. केवढा गदारोळ झाला तेव्हा, आणि व्हायलाच हवा होता.

राहिले आमचे शाकाहारी नातेवाईक. तुमचा धर्म मोडा असं मी सात जन्मांत म्हणणार नाही. पण ‘काहीच नाही’ हे खोटं आहे. पोई आहे. उलू आहे, म्हणजे आपल्या कोकणातला नीरफणस! जांभळी रताळी आहेत. नारळाच्या दुधाची ‘हौपिया’ वडी आहे, जी नैवेद्याला शोभेल. आणि ‘शेव्ह आइस’ आहे. हालेइवाच्या मात्सुमोटोंकडे १९५१ पासून, रेशमासारखा किसलेला बर्फाचा गोळा. त्यावर वाळवलेल्या खारट-आंबट प्लमची भुकटी, ‘ली हिंग’, घालून घ्या, आणि मग काला-खट्ट्याची शपथ घेऊन सांगा की खायला काही नव्हतं. कोकणच्या परसातली अर्धी झाडं तिथे उभी आहेत आणि आपण मात्र बॅगेतलं पाकीट कापतोय!

ही घाई मी का करतेय, तर या जागा कायम राहणार नाहीत. होनोलुलूचं ‘लिके लिके ड्राइव्ह-इन’ १९५३ पासून चालू होतं, तीन पिढ्या तिथे जेवल्या. २०२० साली बंद झालं. दहा डॉलरचं जेवण विकून होनोलुलूतलं भाडं निघत नाही. पाहुणे सगळे पैसे हॉटेलातच ठेवणार असतील तर खिडक्या एकेक करून मिटणारच.

तेव्हा सुट्ट्यांची तिकिटं काढलेल्या भाचेमंडळींनी आणि वाचकमित्रांनी एवढं करावं. एक दिवस बुफे सोडावा. रांगेत उभं राहावं, मागे लोक आहेत हे लक्षात ठेवून पटकन सांगावं, खिडकीतल्या आंटीला ‘महालो’ म्हणावं, म्हणजे धन्यवाद. डबा घेऊन झाडाखाली बसावं. आवडलं नाही तर खुशाल आवडलं नाही म्हणा, जिभेवर सक्ती नाही. पण खाऊन म्हणा. आणि बरोबर नातवंडं असतील तर त्यांना त्या गळ्यातल्या बिल्ल्यांची गोष्ट सांगा. शाळेच्या पुस्तकात ती नाही.